अर्धी प्रदक्षिणा घालणारा पंखा

खापरवाडीच्या बबिताच्या कमरेला डेअरीची किल्ली आली, ती काही कुणी हौसेनं ओवाळून दिली नव्हती.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. दिल्लीनं म्हणे देशाची सगळी दारं-खिडक्या उघडल्या होत्या. त्या उघड्या दारातून पाटोदा तालुक्यातल्या या वाडीत आलं काय, तर दोन वस्तू. रेवणप्पाच्या किराणा दुकानात पिवळ्या पाटीचा एसटीडी फोन, आणि समाजमंदिराच्या खोलीत दूध गार करायची स्टीलची टाकी. कागदावर तिचं नाव बल्क कूलर. गावानं तिला गार टाकी म्हटलं आणि विषय संपवला.

टाकी चालवायला आधी डेअरीचे सेक्रेटरी राधाकिशनराव यांचा पुतण्या लागला होता. पहिल्या दिवशी त्यानं टाकीला हार घातला, शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी टाकी आतून घासायची वेळ आली, तेव्हा त्याच्या कमरेत जी चमक भरली ती महिनाभर उतरली नाही. मग टाकी कुणी घासली? झाडलोटीला ठेवलेल्या बबितानं. थर्मामीटर कुणी वाचला? बबितानं. लाइट गेली की जनरेटर कुणी ओढला? पुतण्या घरी गेला, किल्ली बबिताकडं आली, आणि रजिस्टरात तिच्या नावापुढं 'सफाई कामगार' तेवढं जसंच्या तसं राहिलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बबिताला वाटलं.

ती मेंढपाळाच्या घरची, दिली तीही मेंढपाळाच्याच घरी. चौथीपर्यंतच्या चार इयत्ता तिनं चार गावच्या शाळांत बसून काढल्या होत्या, कारण मेंढरांचा वाडा हलला की शाळा बदलायची. सासरा बंकट आणि नवरा रामेश्वर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गेवराईच्या अंगाला गोदाकाठी उतरायचे, ते आखाड तोंडावर आला की परतायचे. घरी सासू सारजाबाई, दोन गाई आणि बबिता. दोनशे मेंढरांतलं एकूण एक तोंड तिला वेगळं ओळखू यायचं. टाकीकडंही तिनं त्याच डोळ्यांनी बघितलं. कॉम्प्रेसर घुमायचा, पंखा सळसळायचा, दूध ढवळणारा दांडा म्हशीसारखा सावकाश रवंथ करायचा. एकाचा जरी सूर बदलला, तरी बाई हातातला खराटा टाकून उभी राहायची.

टाकी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. तेवढ्यात एकदा जरी टाकीभर दूध नासलं, तर ती उचलून दुसऱ्या गावी न्यायची. आणि ते दुसरं गाव कुठलं, हेही आतून ठरलेलं होतं. राधाकिशनरावांच्या व्याह्यांचं. बबिताला हे पक्कं ठाऊक होतं. टाकी गेली की किल्ली गेली. मग पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपं, आणि वर 'चार दिवस साहेबीण झालती' हे टोमणे.

पाचवा महिना चालू होता. चैत्रातलं ऊन. आदल्या दिवशी लाइनमन ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर काम करून गेले होते. सकाळी साडेआठला दूध जमा झालं, बबितानं टाकी चालू केली. अर्धा तास चालली आणि खट्. लाल दिवा. पुन्हा चालू केली, वीस मिनिटांनी पुन्हा खट्. साडेदहा वाजले तरी थर्मामीटर बावीसवर अडकलेला. चार वाजता टँकर यायचा होता, आणि त्याला दूध चार डिग्रीवर लागायचं.

राधाकिशनराव धोतराचा सोगा सावरत आले. "मी आधीच म्हणलतो. हे बाईमाणसाचं काम न्हाई."

"बाईमाणसानं काय केलं सेक्रेटरी? लाल दिवा मी लावला का?"

"जिच्या ताब्यात, तिची जिम्मेदारी."

"मग रजिस्टरात ताबा कुणाचा लिवलाय ते वाचा की मोठ्यानं."

सेक्रेटरींच्या तोंडावर नाराजी काही दिसेना. व्याह्यांचं गाव त्यांच्या डोळ्यासमोर आलं असणार.

कंपनीचा मेकॅनिक पुण्याहून यायचा. तो परवाशिवाय निघत नव्हता. पण फोनवर एक इंजिनिअर साहेब होते, म्हणाले, मशिनसमोर उभे राहा आणि मी विचारतो ते सांगा. आता फोन रेवणप्पाच्या दुकानात आणि मशिन चौकापलीकडं समाजमंदिरात. फोनची दोरी दोन हात. मग गावानं माणसांची दोरी केली. रेवणप्पा रिसीव्हर धरून गल्ल्यावर, सटवा न्हावी चौकाच्या मधोमध उभा, आणि बबिता टाकीपाशी. साहेब बोलायचे पुण्यात, ते रेवणप्पाच्या कानातून तोंडात, तिथून सटव्याच्या तोंडात, आणि मग बबितापर्यंत. परतीची वाटही तीच.

साहेबांनी विचारलं, "मागचा पंखा क्लॉकवाइज फिरतोय की अँटी?"

"काय वाइज?" रेवणप्पानं विचारलं.

"घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो का?"

रेवणप्पा ओरडला, "सटव्या, पंखा घड्याळासारखा फिरतो का इचार!"

सटवा वळून ओरडला, "वैनी, पंखा घड्याळासारखा हाय का?"

बबितानं पंख्याकडं बघितलं. घड्याळाचा काटा तासाला एक फेरी मारतो. हा तर डोळ्याला दिसेना इतका फिरत होता. "न्हाई म्हणावं. लई जोरात हाय!"

हे उत्तर पुण्यात पोचलं. मग साहेबांनी समजुतीच्या सुरात दुसरा रस्ता धरला. "बरं, आपण देवाला प्रदक्षिणा घालतो ना? पंखा तसा फिरतोय की उलटा?"

हे मात्र बबिताला नीट कळलं. तिनं बटण बंद केलं. पंखा मंदावत आला तसं एकेक पातं दिसू लागलं. तिनं उजवा हात देवाकडं ठेवून मनातल्या मनात एक फेरी मारून बघितली. पंखा तिच्या समोरून येत होता. "उलटा हाय! प्रदक्षिणेच्या उलटा!"

"आप्पा, प्रदक्षिणा उलटी हाय म्हणं!" सटव्यानं आरोळी दिली.

आणि इथं घोटाळा झाला. रेवणप्पा म्हणजे कपाळाला भस्माचे तीन पट्टे असल्याशिवाय दुकानाचं कुलूप न काढणारा माणूस. उलटी प्रदक्षिणा? जगात कोण घालतं उलटी प्रदक्षिणा? हां, एका ठिकाणी घालतात. महादेवाला. अभिषेकाचं पाणी वाहतं ती पन्हाळी ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचं आणि आल्या पावली माघारी फिरायचं. साहेबाला नीट उमजावं म्हणून रेवणप्पानं आपल्या पदरचं ज्ञान घातलं. "साहेब, महादेवाला घालतो ना, तशी!"

"म्हणजे? अर्धा जातो आणि परत मागं येतो?"

"आक्षी बरोबर!" रेवणप्पाचा चेहरा फुलला. पुण्याच्या माणसाला एवढी समज असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. "तुमी बी महादेवाचे का?"

"अहो, थांबवा ते मशिन! तीनपैकी एक फेज गेलीय. मोटर जागच्या जागी हेलपाटतेय, चालवलीत तर जळेल. सगळं बंद करा, कुणी हात लावू नका. माणूस परवा येईल."

तेवढं बोलून साहेबांनी फोन ठेवला.

राधाकिशनरावांनी दोन्ही हात झटकले. "संपलं. सटव्या, दवंडी दे, ज्याचं दूध त्यानं माघारी न्यावं. मी चेअरमनला कळवतो."

"कावून?" बबिता दारात आली. "काय म्हणले साहेब?"

"पंखा अर्धा जातो आन् मागं येतो म्हणून मोटर जळंल म्हणले," सटवा म्हणाला.

"कोण म्हणलं अर्धा जातो?"

सटव्यानं रेवणप्पाकडं बोट केलं. रेवणप्पानं फोनकडं.

बबितानं एक काम केलं. आधी समाजमंदिराला कुलूप लावलं, म्हणजे तिच्या पाठीमागं कुणी दुधाला हात घालायला नको. मग तरातरा चौक ओलांडला, दुकानाची पायरी चढली आणि म्हणाली, "आप्पा, लावा फोन. मी बोलते."

"आगं, साहेब वराडंल."

"वराडू द्या. मेंढरामागं कुत्र्यांशी बोललेली बाई हाय मी."

रेवणप्पाची बायको जगदेवी आत डाळ निवडत होती. ती हसत बाहेर आली आणि तिनंच नवऱ्याच्या हातून रिसीव्हर काढून बबिताला दिला.

"साहेब, टाकीवाली बोलते. पंखा पुरा फिरतो, गरगर फिरतो. फकस्त उलटा."

"मग ती महादेवाची प्रदक्षिणा?"

"ती आप्पाची प्रदक्षिणा हाय. पंख्याची न्हाई."

पुण्यात साहेब हसले. इकडं रेवणप्पानं वजनं नीट लावायला घेतली, वजनं आधीच नीट लावलेली होती तरी.

"बाई, कालपासून काही बदललं का तिथं?"

"काल लाइनमन आलते. डीपीवर चढलते." एवढं बोलताना बबिताचंच तोंड उघडं राहिलं. "आवो साहेब! हिरीवरल्या मोटारीवानी झालं का? फेज इकडचं तिकडं जोडलं की मोटार उलटी फिरती आन् पाणी चढत न्हाई, तसं?"

"अगदी तसं! अगदी तसंच!"

"मग सकाळपासून हेच इचारायचं ना! हे वाइज आन् प्रदक्षिणा कावून लावली?"

यात साहेबाचीही चूक नव्हती आणि तिचीही नव्हती. विहिरीची मोटर उलटी फिरली की पाणी येत नाही, शेंबड्या पोरालाही कळतं. पण पंखा उलटा फिरला तरी वारा येतोच, फक्त थोडा आणि उलट्या अंगानं येतो. गरमी साचते, मशिन स्वतःला वाचवायला खट् करून बंद पडतं. शिवाय ही कंपनीची चकचकीत टाकी आणि विहिरीवरची चिखलानं माखलेली मोटर एकाच जातीची असतील, असं कुणी बबिताला सांगितलंच नव्हतं. नवी वस्तू आली की शहाणी माणसं तिच्याभोवती दोरी बांधतात आणि आत येऊ नका म्हणतात.

"बाई, मी इथं त्या पेटीचं चित्र समोर घेतलंय," साहेब म्हणाले. "तुम्ही डोळे मिटा. पेटी उघडली असं समजा. काय दिसतं ते वरून खाली सांगत या. मीही तेच बघतो."

बबितानं डोळे मिटले. चौक, दुकान, ताटकळलेली माणसं, सगळं मिटलं. "वर मोठा खटका. त्याच्या पोटातून तीन जाड वायरी खाली येत्यात. खाली काळ्या डब्या तीन, एकीला वरच्या अंगाला टवका उडालाय."

"टवका उडालाय?" साहेबांचा कागद खसखसला. "ते माझ्या चित्रात नाही."

"मग घ्या काढून. डाव्या डबीला, दारात उभं राहिल्यावर डाव्या."

"काढलं. पुढे."

पुण्यातल्या टेबलावर आणि खापरवाडीच्या गल्ल्यावर आता एकच पेटी उघडी होती. मधे दोनशेच्या वर किलोमीटर होते, पण दोघांचं बोट एकाच वेळी एकाच स्क्रूवर होतं. साहेब म्हणाले की मोठ्या खटक्यातून येणाऱ्या तीन वायरींपैकी दोघींची अदलाबदल करायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. "लाल, पिवळी, निळी."

"थांबा." बबितानं डोळे उघडले. "काकू, कुंकू, हळद आन् नीळ द्या एकेक पुडी."

जगदेवीनं तीन पुड्या गल्ल्यावर ओळीनं मांडल्या. बबितानं कुंकू उचलून हळदीच्या जागी ठेवलं, हळद निळीच्या, नीळ कुंकवाच्या. "साहेब, तिन्ही सरकावल्या. चाललं का?"

"नाही. तिन्ही सरकवल्या तर पंखा पुन्हा उलटाच. फक्त दोन. कोणत्याही दोन."

तिनं पुड्यांकडं बघितलं. तिघी एकीमागं एक गोल फिरल्या, तर कुणाच्या पाठीमागं कोण, हे बदलतच नाही. दोघींनी जागा बदलली तरच बदलतं. तिनं पुड्या पुन्हा पहिल्यासारख्या मांडल्या, मग फक्त कुंकू आणि हळद बदलली. "कळलं. कोणच्या बी दोन."

"आता धोक्याचं ऐका. आधी खोलीबाहेरचा मेन बंद. चप्पल पायात. मग टेस्टर तिन्ही वायरींना लावून बघायचा. एकीला जरी उजेड दिसला तर हात लावायचा नाही. म्हणून दाखवा."

तिनं म्हणून दाखवलं. साहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणताना ती चिडली, तरी म्हणाली.

समाजमंदिराच्या दारात राधाकिशनराव आडवे उभे. "पेटीला कंपनीचं सील हाय. मोडलं तर उत्तर कोण देणार?"

"रजिस्टरात मी सफाई कामगार हाय ना? पेटीत लई धूळ बसलीय. साफ करते. सरा."

मागं उभ्या बाया हसल्या. सकाळी दूध घालून गेलेल्या त्या सगळ्या आता कडेवर पोरं घेऊन जमल्या होत्या. त्यात सारजाबाईही होती. ती सरळ सेक्रेटरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, अशी की त्यांना बाजूला व्हावंच लागलं.

बबितानं मेन बंद केला. पेटी उघडली आणि तिचा हात थांबला.

तिन्ही वायरी काळ्या होत्या. लाल नाही, पिवळी नाही, निळी नाही. टाकी बसवणारे हाताशी होती ती वायर वापरून मोकळे झालेले. डोळे मिटून तिला तीन जाड वायरी दिसल्या होत्या, पण रंग तिनं सांगितला नव्हता आणि साहेबांनी चित्रातला गृहीत धरला होता.

"काय झालं वैनी?" सटवा दारातून म्हणाला. "आप्पाला इचारू का?"

"नको! आप्पाला कायबी इचारू नको."

तिनं साहेबांचं बोलणं आठवलं. कोणत्याही दोन, म्हणाले होते. मग रंगाचं काम काय? रंग फक्त ओळखायला. कुणाच्या मागं कोण, तेवढंच खरं. तिनं टेस्टर लावला. पहिली, गप्प. दुसरी, गप्प. तिसरी, गप्प. तिनं पेचकसानं पहिल्या दोघींचे स्क्रू सैल केले, वायरींची जागा बदलली, आवळले. वायर हलवून बघितली. पुन्हा एकदा आवळले. बाहेर येऊन मेन चढवला, आत जाऊन बटण दाबलं.

पंखा सुरू झाला. बबितानं पदराचं टोक जाळीजवळ धरलं. सकाळी ते जाळीपासून लांब उडत होतं. आता जाळीनं ते फट्दिशी ओढून धरलं.

"बघा," ती म्हणाली, पण कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग नुसतं बसून राहायचं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. अर्धा तास गेला. खट् झालं नाही. एक वाजला तेव्हा थर्मामीटर सतरावर होता. राधाकिशनराव जेवायला गेले आणि लगेच परत आले. अडीचला नऊ. मशिन सरळ चालू लागलं तरी सकाळपासून उबेत राहिलेलं दूध आतून बिघडलं असेल, तर थंडावा काय कामाचा? ही भीती बबितानं कुणाला बोलून दाखवली नाही. पावणेचारला काटा चारवर आला, आणि टँकर धूळ उडवत चौकात शिरला.

टँकरवरच्या माणसानं काचेच्या नळीत थोडं दूध घेतलं आणि स्टोव्हवरच्या पाण्यात धरलं. नासलेलं दूध उकळी लागताच फाटतं. नळीत बुडबुडे आले. त्यानं नळी उजेडाला धरून तिरकी केली. दूध काचेवरून सरळ, गुळगुळीत खाली उतरलं.

"लावा पाइप," तो म्हणाला.

बाया काहीबाही ओरडल्या. बबिता टाकीमागं जाऊन, कुणाला दिसणार नाही असं, दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "चला, सरका. टाकी धुवायची हाय."

संध्याकाळी पुण्याहून साहेबांचाच फोन आला. सगळं ऐकल्यावर त्यांनी तिच्याकडून काळ्या वायरींचं पुन्हा सांगून घेतलं, आणि म्हणाले, "चूक माझी. मी रंग बोललो, जागा बोलायला हवी होती." मग त्यांनी नाव विचारलं. बबितानं नाव सांगितलं, सासऱ्याचं सांगितलं, गावाचं सांगितलं. हुद्दा विचारला तेव्हा तिनं रिसीव्हर राधाकिशनरावांच्या हातात दिला. "तुमी सांगा सेक्रेटरी. साहेब इचारत्यात, टाकी कोण चालवतं."

सेक्रेटरींना ते दुकानभर माणसांसमोर सांगावं लागलं.

सहा महिने झाले, टाकी खापरवाडीतच राहिली. रजिस्टरात 'ऑपरेटर (तात्पुरती)' असं लिहिलं गेलं, तेव्हा बबितानं कंस खोडायला लावला आणि खोडल्यावर बाजूला सही करायला लावली.

आखाडात मेंढरं घरी आली. रामेश्वर ओट्यावर चहा पीत बसला होता, तोच जगदेवी दारात आली. "बबे, पळ! कडा गावाकडनं फोन हाय. पुण्याच्या साहेबानं आपला नंबर दिलाय त्यांना. तिथली टाकी बंद पडलीय."

बबिता गेली. पलीकडं एका बाईचा आवाज, घाबरलेला. मागं चार पुरुष एकदम बोलत होते, आणि ती बाई त्यांचं ऐकून ऐकून बबिताला सांगत होती.

"थांब बाई," बबिता म्हणाली. "आधी त्या सगळ्यांना बाहीर काढ. टाकी रोज कोण धुतं?"

"मीच धुते की."

"मग तू सांग. डोळं मिट. दारातून आत गेलीस. पयलं काय दिसतं?"

मग ती बाई, आता जरा धीरानं, बोलू लागली, आणि बबितानं खोबऱ्याच्या पोत्यावर बूड टेकून आपलेही डोळे मिटले.